मडगार्ड छाटणी (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या मागच्या चाकावरील मडगार्डचा टोकाकडचा भाग कापून ते आखूड करण्याच्या प्रक्रियेस मडगार्ड छाटणी असे म्हणतात. अशी छाटणी केलेली, अनावश्यक भाग काढून हलकी केलेली मोटारसायकल ‘बॉबर’ या नावाने ओळखली जाते. ही छाटणी कारखान्यातील यंत्रांशिवाय, हॅकसॉ, कानस आणि हातड्रिल एवढ्या साधनांनी घरच्या घरी करता येते. कापणे अर्ध्या दिवसाचे काम असले, तरी कापलेला पत्रा पूर्ववत जोडणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे मडगार्ड कोणकोणती कामे करते, हे कापण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

नाव

‘बॉब’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आखूड कापणे असा आहे. शेपूट छाटलेल्या घोड्याला त्या भाषेत ‘बॉबटेल’ म्हणतात, आणि ‘बॉबर’ हे नाव त्यावरूनच आले. अमेरिकेत या भागाला ‘फेंडर’, तर ब्रिटनमध्ये ‘मडगार्ड’ म्हणतात. मराठीत ब्रिटिश शब्द रूढ झाला. ‘चिखलरोधक’ असा प्रतिशब्द बनवता येईल. पण गॅरेजमध्ये जाऊन तो उच्चारल्यास कारागीर बुचकळ्यात पडेल.

इतिहास

छाटणीची प्रथा अमेरिकेत रुजली. १९२० च्या दशकात जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांच्या चौकटी आखूड करून ‘कट-डाउन’ गाड्या बनवल्या जात. १९३० च्या दशकात रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसाठी ‘क्लास सी’ शर्यती सुरू झाल्या. त्यांत भाग घेणारे स्पर्धक पुढचे मडगार्ड काढून टाकत आणि मागचे अर्ध्यावर कापत. त्या काळातील अनेक हार्ले गाड्यांच्या मागच्या मडगार्डचे शेपूट बिजागरीवर बसवलेले असे, कारण चाक काढताना ते वर उचलावे लागे. बिजागरीपासूनचा भाग सोडवला की निम्मी छाटणी करवतीशिवायच होई. याच्या अगदी उलट टोकाला ‘इंडियन’ कंपनीची १९४० पासूनची चाक झाकून टाकणारी, घेरदार मडगार्डे होती. (नाव सोडल्यास या अमेरिकी कंपनीचा भारताशी संबंध नव्हता.)

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे ही शैली फोफावली. हातात पाने धरण्याची सवय, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्या आणि वेगाची हौस, असे सगळे एकत्र आले होते. छाटणीमागचा मूळ हेतू वजन कमी करणे हा होता, देखणेपणा नंतर आला. पुढे ‘चॉपर’ प्रकारात लांब पुढचा काटा आणि चकचकीत क्रोम आले. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने तो प्रकार जगभर पोचवला आणि बॉबर काही काळ मागे पडला. अलीकडे कारखानेच बॉबर बनवू लागले आहेत. ट्रायम्फची ‘बॉनव्हिल बॉबर’ आणि भारतातील ‘जावा पेराक’ ही त्याची उदाहरणे होत. रॉयल एन्फील्डने २०२४ मध्ये याच शैलीतील आपल्या गाडीला ‘गोअन क्लासिक’ असे गोव्याचे नाव दिले.

मडगार्डची कार्ये

चाकावरून पाणी कोणत्या दिशेला उडते, यावर मडगार्ड किती लांब हवे ते ठरते. चाकाला चिकटलेला थेंब स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. जमिनीजवळ सुटलेला थेंब मागे फेकला जातो. चाकाच्या अगदी मागच्या बिंदूवर, म्हणजे आसाच्या उंचीवर, सुटलेला थेंब गाडीच्या संदर्भात सरळ वर जातो. त्याहून वर सुटलेला थेंब वर आणि पुढे, म्हणजे थेट चालकाच्या पाठीकडे येतो. म्हणून मडगार्डचे टोक आसाच्या पातळीच्या जितके वर जाईल, तितका चिखल पाठीवर अधिक उडतो. पावसाळ्यात छाटलेल्या मडगार्डची गाडी चालवणाऱ्याच्या सदऱ्यावर मधोमध उमटणारा तपकिरी पट्टा हा याच भूमितीचा परिणाम असतो.

याखेरीज मागचा दिवा, नंबरप्लेट, परावर्तक आणि बहुधा दिशादर्शक दिवेही मडगार्डवरच बसवलेले असतात. त्यांच्या तारा पत्र्याच्या आतल्या बाजूने गेलेल्या असतात. काही गाड्यांत मागच्या आसनाचा किंवा कॅरियरचा भारही मडगार्ड आणि त्याच्या आधारपट्ट्यांवर येतो. अशा गाडीत पत्रा कापणे म्हणजे सजावट बदलणे नव्हे, तर आधार काढून घेणे होय.

साधने आणि पद्धत

प्रथम बॅटरीची जोडणी सोडवून दिवे व तारा काढतात आणि मडगार्ड गाडीवरून उतरवतात. गाडीवर असतानाच कापल्यास टायर, तारा आणि चेन यांना करवत लागण्याचा धोका असतो.

आखणी हा या कामातील खरा कसोटीचा भाग आहे. मडगार्ड दोन्ही दिशांनी वक्र असल्यामुळे त्यावर पट्टी ठेवून सरळ रेषा आखता येत नाही. जाड कागदाची मधोमध घडी घालून अर्धा आकार कापतात आणि घडी उलगडून त्याचा साचा बनवतात. त्यामुळे डावी-उजवी बाजू आपोआप सारखी येते. मडगार्डची मध्यरेषा शोधून त्यावर साच्याची घडी जुळवतात. रेषेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावल्यास रंगाचे टवके कमी उडतात.

कापण्यासाठी पत्रा कापायची कात्री सोयीची वाटते. परंतु वक्र पत्र्यावर ती कड वाकवते. हॅकसॉला इंचाला ३२ दात असलेले बारीक पाते लावतात, दात पुढच्या दिशेला ठेवतात. एका वेळी किमान तीन दात धातूवर टेकलेले असावेत, असा कारागिरांचा नियम आहे. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर सरळ उभ्या धरलेल्या पात्याचे तीन दात टेकूच शकत नाहीत, म्हणून ते तिरपे, जवळजवळ आडवे धरून हलक्या हाताने चालवतात. हे न केल्यास दात अडकून तुटतात. रेषेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून कापतात आणि उरलेला भाग कानशीने घासतात. ग्राइंडरने हेच काम काही मिनिटांत होते. मात्र उष्णतेने रंग जळतो, ठिणग्या उडतात आणि हात एकदा घसरला की रेषा गेली. घरगुती कामासाठी संथ हातकाम अधिक भरवशाचे म्हणावे लागेल.

कोपरा कापायचा असल्यास तेथे आधी ड्रिलने गोल छिद्र पाडतात. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि इंजिनाच्या कंपनांनी तेथूनच तडा जातो.

कारखान्यात मडगार्डची कड आत दुमडलेली असते. ती दुमड पत्र्याला ताठपणा देते. कापल्यावर ती नाहीशी होते, कड थरथरते आणि कालांतराने चिरते. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला, नव्या कडेच्या आतून बारीक सळई वळवून वेल्डिंग करणे. दुसरा, जुने टोक दुमडीसह राखून मडगार्डचा मधला किंवा पुढचा भाग कापणे. दुसरा उपाय अधिक सुबक खरा, पण त्यात छिद्रे आणि आधारपट्ट्या नव्याने जुळवाव्या लागतात. उघडी पडलेली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तिला प्रायमर व रंग लावतात. क्रोम केलेल्या मडगार्डवर हे विशेष गरजेचे असते, कारण गंज कापलेल्या कडेपासून क्रोमच्या खाली शिरतो.

परत बसवताना दोन माणसांच्या वजनाने शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण दबले, तरी टायर पत्र्याला वा बोल्टच्या टोकाला घासणार नाही, हे तपासतात.

भारतातील नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मडगार्डबरोबर मागचे आसन काढून गाडी एकासनी केल्यास नोंदणीतील आसनक्षमतेचाही प्रश्न उभा राहतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट पुन्हा न वापरता येणाऱ्या लॉकने बसवलेली असते. ती उतरवताना लॉक तुटते आणि नवे बसवून घ्यावे लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन आवश्यक आहे. त्यालाच बोलीत ‘साडीगार्ड’ म्हणतात. छाटणी करताना साडीगार्डही ‘शोभत नाही’ म्हणून काढला जातो. पाश्चात्त्य बॉबरमध्ये मागे कोणी बसतच नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. भारतात मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतल्यास ती क्षणात खाली खेचली जाते, आणि ओढणी गळ्याभोवती असल्यास इजा प्राणघातक ठरू शकते.