हंगामी स्थलांतर व बालविकास (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर इ. डोंगराळ तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली आदी आदिवासी कुटुंबांच्या हंगामी स्थलांतराचा मुलांच्या निकोप वाढीवर होणारा परिणाम. पर्जन्य विपुल, परंतु जमीन उताराची व सिंचन अल्प असल्यामुळे खरिपाची भात-नागली निघताच पुष्कळ कुटुंबे दिंडोरी, निफाड या तालुक्यांतील द्राक्षबागांत मजुरीस जातात. अशा वेळी जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांची शाळा व अंगणवाडीतील पूरक आहार सुटतो. जी मागे राहतात त्यांच्या संगोपनाचा भार वृद्ध आजी-आजोबांवर किंवा थोरल्या बहिणीवर पडतो. आणि गर्भवतीस विश्रांती व सकस अन्न न लाभल्यास अर्भकाचे वजन जन्मतःच कमी भरून कुपोषणाचे चक्र पुढील पिढीतही चालू राहते. एकात्मिक बालविकास सेवा योजना (१९७५), शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आणि गर्भवती व स्तनदा मातांना एकवेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना (२०१५) हे प्रमुख उपाय होत. तथापि गावातच पाणी व बारमाही रोजगार उपलब्ध झाल्यावाचून हे उपाय अपुरेच ठरतात.