लाकडी मूषकाची गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह झाला तेव्हा माझी नजर बाप्पाच्या पायाशी बसलेल्या मूषकावर गेली. रेल्वेच्या सिग्नल खात्यात माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याचा हात दिवसभर त्याच्याच एका नामबंधूवर असतो. त्या संगणकाच्या माऊसची ही हकिगत.

त्याचा जन्म अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची. ती १९६४ च्या सुमारास प्रत्यक्षात घडवली त्यांचे सहकारी इंजिनिअर बिल इंग्लिश यांनी. लाकडाचा ठोकळा, वर एक बटण, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. चाकाचे फेरे मोजून अंतर काढायचे, हे तर आम्हा रेल्वेवाल्यांचे रोजचेच गणित! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो हजारभर लोकांसमोर चालवून दाखवला.

या रचनेत प्रत्येक चाक एका दिशेने फिरे, तर दुसऱ्या दिशेने नुसते घासत जाई. त्यावर तोड म्हणून चाकांच्या जागी गोळी आली. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीने १९६८ मध्येच तशी रचना केली होती. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बिल इंग्लिश यांनीही गोळीचा माऊस बनवला. पण तो महाग आणि नाजूक होता. अ‍ॅपलसाठी डीन होवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी दाबून न धरता मोकळी ठेवली आणि सगळे भाग एकाच प्लास्टिकच्या चौकटीत बसवले. १९८३ च्या ‘लिसा’ संगणकाबरोबर तो एकबटणी माऊस आला.

आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत असेच गोळीवाले माऊस होते. रुळांवर बसलेला मळ आम्ही नखाने खरवडायचो आणि तास संपला की सर गोळ्या मोजून घ्यायचे! १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोणत्याही साध्या टेबलावर चालणारा प्रकाशीय माऊस आणला आणि गोळी हळूहळू गेली.

त्याच वर्षी २६ जानेवारीला इथे दिल्लीत, कालकाजीत, सुगत मित्रा यांनी एनआयआयटीच्या कचेरीच्या भिंतीत शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी संगणक बसवला. भिंतीत माऊस कुठला टिकणार? म्हणून टचपॅड होते. मुले आपापली शिकली. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत आणि वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही हा प्रयोग झाला.

मोठ्यांना मात्र धीर द्यावा लागतो. एका स्टेशनवर जुने पॅनल काढून आम्ही संगणकाचा पडदा बसवला. पूर्वी दोन बटणे एकदम दाबून मार्ग लावायचा, आता ते काम माऊसवर आले. निवृत्तीला आलेल्या स्टेशन मास्तरांचा हात थरथरत होता. चुकून भलतीकडे दाबले गेले तर गाडीतल्या माणसांचे काय, हीच त्यांची काळजी. इंटरलॉकिंग विरोधी मार्ग देतच नाही, हे मी त्यांना दहा वेळा करून दाखवले. पहिली गाडी सुखरूप निघून गेली तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्यासाठी चहा मागवला.

१९७० साली मिळालेल्या पेटंटवर संशोधक म्हणून एकट्या एंगलबार्ट यांचे नाव आहे, आणि त्यांनाही त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. १९८७ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि माऊस घरोघरी पोहोचला तो त्यानंतर. एंगलबार्ट २०१३ मध्ये गेले, बिल इंग्लिश २०२० मध्ये. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या हातांनी उभी करणाऱ्या या माणसाबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटतो, कारण आमचेही काम तेच. नकाशावर सही साहेबांची असते, पण भर उन्हात वायर जोडणारे हात वेगळे असतात.

आपल्या उत्सवातही आरतीचे मानकरी पत्रिकेवर छापले जातात, मांडवाच्या गाठी मारणारे नाहीत. यंदा दर्शन घेताना बाप्पाला नमस्कार झाला की खाली बसलेल्या मूषकालाही एकदा हात जोडूया. सगळा भार वाहतो तो तोच!

गणपती बाप्पा मोरया!