निविदेमागचा हिशेब : सार्वजनिक खरेदीचे लेखापरीक्षण

सरकार, महापालिका किंवा सार्वजनिक उपक्रम बाजारातून वस्तू, सेवा अथवा बांधकाम विकत घेतात, त्या व्यवहारास सार्वजनिक खरेदी असे म्हणतात. रुग्णालयातील औषधांपासून उड्डाणपुलापर्यंत सारे काही तीत येते. पैसा करदात्याचा, निवड अधिकाऱ्याची आणि नफा कंत्राटदाराचा, अशी या व्यवहाराची रचना असल्याने तो तपासणारा चौथा कोणीतरी आवश्यक ठरतो. हे काम लेखापरीक्षकाचे.

भारतात ही जबाबदारी प्रामुख्याने नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच 'कॅग', यांची आहे. राज्यघटनेच्या १४८ ते १५१ या अनुच्छेदांत या पदाची तरतूद असून त्याची कर्तव्ये व अधिकार १९७१ च्या कायद्याने निश्चित केले आहेत. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांसाठी १९३० च्या कायद्यावर आधारलेली स्थानिक निधी लेखापरीक्षेची यंत्रणा आहे. मुंबई महापालिकेला १८८८ च्या अधिनियमानुसार स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असून तो आपला अहवाल स्थायी समितीला सादर करतो.

लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न नियमपालनाचा असतो. केंद्राच्या खरेदीला २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम लागू आहेत, तर महाराष्ट्रातील शासकीय विभागांसाठी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने सुधारित नियमपुस्तिका आली. निविदेला पुरेशी प्रसिद्धी मिळाली का, देकार भरण्यास साधारणपणे किमान तीन आठवडे दिले का, एकाच पुरवठादाराकडून खरेदी केली असल्यास त्याचे कारण नोंदवले का, हे सारे कागदावरून पडताळता येते. सर्वांत परिचित गैरप्रकार म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. निविदेची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून एकच मागणी चार-पाच लहान देयकांत विभागली जाते. प्रत्येक देयक स्वतंत्रपणे नियमात बसते. तारखा आणि पुरवठादाराचे नाव शेजारी ठेवले की बिंग फुटते.

दुसरा प्रश्न पैशाच्या मोबदल्याचा आणि तो अधिक अवघड आहे. नियम तंतोतंत पाळूनही निकृष्ट माल महागात घेता येतो. सर्वांत कमी देकार स्वीकारणे हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग, कारण त्यावर आक्षेप येत नाही. परंतु एखादा कंत्राटदार अंदाजपत्रकापेक्षा पुष्कळ कमी दराने काम मागतो, तेव्हा दोनच शक्यता उरतात : अंदाजपत्रक फुगवलेले होते, किंवा सिमेंट-डांबरात काटछाट होणार आहे. जागरूक लेखापरीक्षक अशा वेळी दरसूची, प्रत्यक्ष बाजारभाव आणि मोजमाप पुस्तिका एकत्र तपासतो. किमान दराच्या या आग्रहाला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काहीशी मुरड घातली. ठरावीक अटींवर बांधकामे व सल्लागारीखेरीज अन्य सेवांनाही गुणवत्तेसाठी ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्यास त्यावेळी मुभा मिळाली.

तिसरा प्रश्न लबाडीचा. लेखापरीक्षक हा पोलिस नव्हे. तो झडती घेत नाही, अटकही करत नाही. मात्र संगनमताच्या खुणा सर्वप्रथम त्याच्याच नजरेस पडू शकतात. प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या तीन कंपन्यांच्या बयाणा रकमेचे धनाकर्ष एकाच बँक शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे निघणे, ई-निविदा एकाच संगणकावरून भरलेल्या असणे, तिन्ही देकारांत शुद्धलेखनाची तीच चूक आढळणे, अशा या खुणा आहेत. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार अशी संगनमताची निविदा हा स्पर्धाविरोधी करार ठरतो. खरा घोटाळा बहुधा निविदा उघडण्याच्या कितीतरी आधी, अटी लिहितानाच झालेला असतो. अनुभवाची, उलाढालीची किंवा यंत्रसामग्रीची अट अशी बेतली जाते, की ती एकालाच लागू पडावी. त्यानंतरची स्पर्धा केवळ उपचारापुरती राहते.

या तिन्ही प्रश्नांचे ठळक उदाहरण म्हणून मुंबई महापालिकेच्या विशेष लेखापरीक्षणाकडे पाहता येईल. २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२ हजार कोटी रुपयांच्या खर्चाची तपासणी राज्य सरकारने 'कॅग'कडे सोपवली. अहवाल २५ मार्च २०२३ रोजी विधिमंडळात मांडण्यात आला. दोन विभागांनी २१४.४८ कोटींची २० कामे निविदा न मागवताच दिल्याचे त्यात नमूद आहे. मात्र त्याहून गंभीर नोंद दुसरी आहे. ४,७५५.९४ कोटी रुपयांच्या ६४ कामांत कंत्राटदारांशी करारनामाच झालेला नव्हता. करारनामा म्हणजे नुसता मुद्रांकाचा कागद नव्हे. दंड, मुदत, दर्जा आणि दोषदायित्व यांचा आधार तोच असतो. तो नसताना काम बिघडले, तर कंत्राटदाराला जाब विचारण्याची महापालिकेची कायदेशीर बाजू लंगडी पडते. याखेरीज ३,३५५.५७ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेला नव्हता. म्हणजे काम चालू असताना त्याचा दर्जा पाहणारा स्वतंत्र डोळाच नव्हता.

याच काळात, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपून प्रशासकाची राजवट सुरू झाली. स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडे गेले. जिच्याकडे मुख्य लेखापरीक्षकाने अहवाल द्यावयाचा, ती लोकनियुक्त समितीच अस्तित्वात राहिली नाही. खर्च करणारा आणि आक्षेप वाचणारा एकच झाला, ही गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही.

लेखापरीक्षणाची मोठी मर्यादा वेळेची आहे. ते बहुधा वरातीमागून घोडे ठरते. देयक अदा होते, रस्त्यावरून दोन पावसाळे जातात आणि मग आक्षेप येतो. विभाग उत्तर देतो, काही परिच्छेद वगळले जातात, उरलेले लोकलेखा समितीपुढे जातात. यावर उपाय म्हणून केंद्रीय दक्षता आयोगाने मोठ्या खरेदीसाठी सचोटी कराराचा पुरस्कार केला. त्यात खरेदीदार व बोलीदार लाच न देण्याघेण्याचे लेखी बंधन स्वीकारतात आणि स्वतंत्र बाह्य निरीक्षक व्यवहार चालू असतानाच लक्ष ठेवतात.

दुसरी मर्यादा कागदपत्रांची. लेखापरीक्षकाला जे दाखवले जाते, त्यावरच तो मत देऊ शकतो. मुंबईच्या तपासणीत कोविडविषयक ३,५३८.७३ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे, साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांचा हवाला देऊन, महापालिकेने उपलब्ध करून दिली नाहीत. परिणामी त्या खर्चाबाबत अहवालात ना आक्षेप आहे, ना निर्वाळा.