कार्यानुभवाचा तास: खरी कॉर्नर ते पाबळ

आजचा भाग शाळेतल्या एका तासाबद्दल आहे. कार्यानुभव. वेळापत्रकात आठवड्यातून एकदा यायचा आणि बरेचदा गणिताचे सर मागून घ्यायचे, तोच. झालाच तर कागदाची फुलं, पाकिटं, दिवाळीआधी आकाशकंदील. हा तास मुळात कशासाठी आणला आणि त्याचं खरं रूप कुठं उतरलं, ते आज बघूया. सुरुवात आपल्या शिवाजी पेठेला लागूनच होते, म्हणजे लांब जायला नको.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. रोज त्याच्या बाजूनं गाड्या जातात, मान वर करून बघणारा विरळाच. तो बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीचा. बाबूरावांचं शाळेतलं शिक्षण जेमतेम. घर मेस्त्रींचं, त्यामुळे रंग, लाकूड, धातू हे सगळं हाताखालीच. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी १९१८च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि १९२० ला त्यांचा ‘सैरंध्री’ आला. त्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर तयार झाले. पडदे रंगव, सेट उभार, फिल्म धू, गरज पडली तर कॅमेऱ्यासमोर उभा राहा. अभ्यासक्रम असा काही नाही. १९२९ मध्ये हीच मंडळी बाहेर पडली आणि ‘प्रभात’ उभी राहिली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा पुढं व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

आता गंमत ऐका. त्याच १९१८ साली तिकडं न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातले विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. मुलानं मनापासून हाती घेतलेलं, काहीतरी हेतू असलेलं काम हा शिक्षणाचा गाभा असावा, असं त्यांचं म्हणणं. आज जगभर ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ म्हणून जे चालतं, त्याच्या मुळाशी हा निबंध आहे. तिकडं निबंध, इकडं कॅमेरा!

पण कारखान्यातल्या शिक्षणाला उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. ते मिळायचं कुणाला? ज्याला उस्तादानं आत घेतलं त्याला. उस्तादाची मर्जी फिरली की शिक्षण संपलं. आणि सहसा पोरांनाच, पोरींना नाही. मग ही गोष्ट सगळ्या मुलांसाठी, सरकारी मान्यतेच्या हायस्कुलात आणता येते का? गेली ऐंशी-नव्वद वर्षं आपल्याकडं हाच प्रश्न फिरतोय.

पहिला मोठा प्रयत्न वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथं शिक्षण परिषद भरवली, झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे. कल्पना मोठी होती. पण बऱ्याच शाळांत ती टकळी आणि चरख्यावरच अडकली. आणि पालकांना दिसत होतं की साहेबाची पोरं इंग्रजी शाळेत जातायत आणि आपल्या पोरांच्या हातात टकळी आहे. त्यांना काय दोष द्यायचा? स्वातंत्र्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत ती योजना बहुतेक ठिकाणी नावापुरती उरली.

इथं आपल्या जिल्ह्याचा माणूस येतो. जे. पी. नाईक, जन्म १९०७, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९४०च्या दशकात त्यांनी कोल्हापूर संस्थानात विकासाचं काम पाहिलं, मुंबईत १९४८ मध्ये भारतीय शिक्षण संस्था काढली, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगाच्या अहवालानं सुचवलेला शब्द म्हणजे ‘वर्क एक्सपीरियन्स’, आपला कार्यानुभव. शाळेत, शेतात, कारखान्यात, कुठंही खऱ्या उत्पादक कामात मुलानं भाग घ्यावा, असा त्याचा अर्थ.

पुढं १९७७ ला ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं लांबलचक नाव दिलं. एवढं नाव असून फुलं मात्र कागदाचीच राहिली. माझ्या मते कारण साधं आहे. ती फुलं कुणालाच नको होती. परीक्षक बघणार, मार्क देणार, फुलं कपाटावर जाणार. आज तर स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पवही मिळते, फक्त नाव घालायचं.

नाईक १९८१ मध्ये गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्याच संस्थेचं एक केंद्र म्हणून पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला. काढणारे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरची जागा. ती सोडून पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास हा माणूस दुष्काळी गावात राहायला गेला. त्यांचं म्हणणं असं की हातानं काम करत शिकणं हीच माणसाची शिकायची नैसर्गिक रीत. शाळेत नापास झालेला पोरगा ‘ढ’ नसतो, त्याला न पेलणारी रीत त्याच्यावर लादलेली असते.

तिथं मुलं काय करायची? एक उदाहरण जरा नीट सांगतो. विहीर किंवा बोअर घेण्याआधी जमिनीखाली पाणी कुठं असेल याचा अंदाज घ्यायचा असतो. चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. ओला थर वीज सहज जाऊ देतो, कोरडा खडक अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की जास्त खोलीचा अंदाज येतो. म्हणजे बघा, ओहमचा नियम आणि आलेख, दोन्ही विषय हायस्कूलच्या पुस्तकातलेच. पण इथं समोर शेतकरी उभा आहे. कर्ज काढून बोअर मारणार आहे. आकडा चुकला तर गुण कापले जाणार नाहीत, कुणाचे तरी पैसे मातीत जातील. आमच्या वर्गात हा नियम फळ्यावर शिकवला होता. शेतकरी तेवढा नव्हता.

पाबळचे घुमटही तसेच. लोखंडी दांड्यांचे त्रिकोण जोडायचे, वर जाळी आणि सिमेंट, मध्ये एकही खांब नाही. एक दांडी मापात चुकली की पुढचा त्रिकोण जुळत नाही. भूमितीचा पेपर तिथंच तपासून मिळतो. सोबत मालाचा आणि मजुरीचा हिशेब लिहायचा.

शाळा सोडलेल्यांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम होता. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशा चार विभागांतून प्रत्येकानं फिरायचं, मग ज्याचा हात जिथं बसेल तिथं रमायचं. चालू हायस्कुलांसाठी आठवी ते दहावी आठवड्यातला एक दिवस, ‘मूलभूत तंत्रज्ञान’. त्या दिवशी पोरी वेल्डिंग करणार, पोरं स्वयंपाक आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं शिकणार. गावाला सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे. शिकवायला गावातलेच कारागीर. पुढं राज्याच्या दहावी बोर्डानंही हा विषय मान्य केला. २००२ च्या सुमारास एमआयटीच्या ‘फॅब लॅब’ प्रयोगातली अमेरिकेबाहेरची अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा आली, तीही पाबळलाच. २००३ मध्ये कलबाग गेले, आश्रम चालू राहिला.

मग हे सगळीकडं का नाही? पैसा लागतो, जागा लागते, ते आहेच. पण खरी अडचण वेगळी वाटते. उत्तम गवंड्याकडं डी.एड. नसतं, आणि डी.एड. झालेल्याला थापी धरता येत नाही. शाळेच्या हजेरीपटावर गवंड्याला कुठल्या रकान्यात घालायचं? शिवाय सेवेचे पैसे घ्यायचे म्हटलं की पालक विचारतात, पोराला शिकायला पाठवलंय की कामाला? हा प्रश्न रास्त आहे. कामात शिकणं किती आणि फुकटची मजुरी किती, हे कुणीतरी सतत मोजत राहायला लागतं. पाबळला ते मोजणारा माणूस तिथंच राहात होता.

आपल्या पेठेतून सायकलनं निघालं तर थोड्याच वेळात उद्यमनगर येतं. तिथं लेथ आहेत, ओतकाम आहे, आयुष्य त्यात घालवलेले मेस्त्री आहेत. आजूबाजूला हायस्कुलंही आहेत. नववीच्या पोरापोरींसाठी आठवड्यातला एक दिवस तिथं मिळेल का, हे विचारायला मुख्याध्यापकांची सही आणि एका कारखानदाराचा होकार लागेल. ऐकणाऱ्यांत कुणी मुख्याध्यापक असतील, कुणाचा कारखाना असेल, तर आम्हाला कळवा.

लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात काढलेल्या सृजन आनंद विद्यालयाचं नाव आज मुद्दाम घेतलं नाही. ती प्राथमिक शाळा, तिची गोष्ट वेगळी आहे आणि मोठी आहे. तिच्यासाठी पुढचा अख्खा भाग ठेवलाय. भेटू.