स्क्रोल सॉ : हत्यारे व लाकूड

लाकडात जाळी, अक्षरे, नक्षी कापणारी बारीक पात्याची विजेवरची करवत. पाते सुमारे 127 मिमी. लांब असून खालीवर हलते. आतली नक्षी कापताना आधी भोक पाडून पाते त्यातून ओवावे लागते. टोकांना आडवी पिन असलेल्या पात्याला मोठे भोक लागते व नाजूक काम हुकते. म्हणून यंत्र घेताना बिनपिनेचे पाते धरणारी पकड आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.

अमरावतीच्या राजापेठेतल्या हौशी कारागिराला मेळघाटचे सागवान जवळचे. ते टिकाऊ आणि देखणे, पण त्यातील सिलिकामुळे धार लवकर जाते. बोथट पाते रेषा सोडते, लाकूड करपवते. पाते घासत न बसता बदलावे. शिकताना 4 ते 6 मिमी. प्लायवूड पुरते.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पातळ फळ्या तेव्हा सुकून वाकतात, पावसाळ्यात फुगतात. त्या सावलीत, सपाट, वजनाखाली ठेवाव्यात. यंत्राच्या बिडाच्या टेबलाला मेण लावले की गंज धरत नाही. सागाचा भुसा त्वचेला व श्वासाला त्रास देतो, मास्क लावावाच.