क्रमांकाआधीचे अक्षर

दुसऱ्या महायुद्धातले रिव्हॉल्व्हर ओळखायचे असेल, तर आपण (ते रिकामे आहे याची खात्री करूनच!) मुठीचा तळ पाहतो. तिथे क्रमांक असतो. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कारखान्याचे क्रमांक १९४२ मध्ये दहा लाखांवर पोचले, तेव्हा ‘व्ही’ अक्षर लावून मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. ‘व्ही’ म्हणजे व्हिक्टरी, विजय.

काही क्रमांकांत ‘व्ही’च्याही आधी ‘एस’ दिसतो. १९४४ मध्ये एका अमेरिकी युद्धनौकेवर असे रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, घोड्यावर आपटले, गोळी सुटली आणि एक खलाशी ठार झाला. घोडा अडवणारी पट्टी आत होती. पण ती स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर जागेवर येई. स्प्रिंग अडकली की संपले. डिसेंबर १९४४ पासून पट्टी चापाच्या हालचालीशीच जोडली गेली. ‘एस’ ही त्या दुरुस्तीची खूण.

किंमत ठरवताना मात्र वेगळेच मुद्दे येतात. ब्रिटनला गेलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांची नळी पाच इंची. त्यांचे काडतूस आखूड, पण जाडसर. युद्धानंतर अनेकांची भोके आत खोल करून त्यांत लांब, बारीक अमेरिकी काडतूस बसवले गेले. त्याची पुंगळी मागे सैल राहते, बार उडाल्यावर फुगते. किंमत घसरते.

फॉस्फेटचा मूळ करडा थर घासून निकेल चढवले तरी तेच. शिवाय घासताना अक्षरे झिजतात. मग ‘एस’ होता की नव्हता हे कळायला बाजूचे झाकण उघडून पट्टीच पाहावी लागते.