विज्ञान प्रदर्शनासाठी लाँचर: कार्बाइड, सोडा की सायकलचा पंप?

लाँचर म्हटलं की रील्सवर आधी दिसते ती पीव्हीसी पाइपची ‘कार्बाइड गन’. 2025 च्या दिवाळीत तिने मध्य प्रदेशात शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा केली. त्यात मुलंच जास्त. रत्नागिरीत हे नाव आंब्यामुळे माहीत आहे. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर देशात बंदी आहे.

कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो. एलपीजी हवेत साधारण 2 ते 10 टक्के असेल तरच पेटतो, ॲसिटिलीन मात्र 2.5 पासून 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे कसंही मिसळा, भडका उडणारच. कधी बार लगेच होत नाही. मग मुलं पाइपात डोकावतात आणि घात होतो.

व्हिनेगर आणि खायच्या सोड्यात आग नाही, पण दाब दर वेळी वेगळा. प्रयोगाला ते अडचणीचंच.

उरतो वॉटर रॉकेट. कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. दाबलेली हवा पाणी मागे ढकलते, बाटली पुढे जाते. पाणी कमी पडलं तर मागे फेकायला वजन नाही, जास्त झालं तर हवेला जागा नाही. पाणी बदलत अंतर मोजा, हाच प्रोजेक्ट!

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मोजणार असाल तर सकाळी गर्दीपासून लांब जा. दुपारी समुद्रावरून येणारा वारा आकडे बिघडवतो. गॉगल लावा, दोरीने लांबून सोडा, बाटलीवर वाकू नका. पातळ पाण्याची बाटली तर नकोच, ती फुटते.